आजीचं मशीन, आजोबांचा पुठ्ठा आणि माझं ॲप

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी, माडीवर खिडकीपाशी, आजीचं पायाचं शिवणयंत्र आहे. त्यावर तिने निम्म्या गल्लीचे ब्लाउज शिवले. मला मात्र शिवण कधी जमलं नाही. शाळेत असताना मी पायडल दाबायची की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. आजी म्हणायची, "अगं, आधी वरच्या चाकाला हात लाव, आपल्याकडे फिरव, मग पाय चालव. नुसत्या पायाला कळत नाही कुठे जायचं ते."

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकत आले. त्यात यंत्रशास्त्रातला एक धडा दडलेला आहे हे कळायला मला मोबाइलचं एक ॲप लिहावं लागलं. यंत्राचे दांडे, चाकं, सांधे कसे हलतात ते पडद्यावर दाखवणारं ते ॲप आहे. तुम्ही बोटाने दांडे काढायचे, सांधे जोडायचे, एक चाक फिरवायचं आणि बाकीचं काय काय हलतं ते बघायचं. एवढंच. पण "एवढंच" म्हणता म्हणता त्यात दीड वर्ष गेलं आणि एक वेळ अशी आली, की ॲप तयार असूनही ते बाहेर सोडायची मला भीती वाटली. मंडळाच्या संपादकांनी "नव्या पिढीतल्या कुणीतरी लिहा" म्हटलं, म्हणून तीच हकीकत लिहिते आहे.

घरात यंत्रांचं वेड जुनं. पणजोबा कलाभवनात शिकले. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत हे नाव अजून आदराने घेतात, पण माझ्या वयाच्या अनेकांना ते ठाऊक नसतं, म्हणून दोन ओळी. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये ही संस्था काढली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर तिचे पहिले प्रमुख. हाताने काम करणाऱ्याला त्याच्याच भाषेत शास्त्र शिकवावं, असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळकेही इथलेच विद्यार्थी. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची अभियांत्रिकी शाखा बनलं. त्याच आवारात आधी आजोबा मेकॅनिकल शिकले आणि पन्नासेक वर्षांनी मी. आजोबांनी पुढे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलं. मी डिग्री मेकॅनिकलची घेतली आणि नोकरी सॉफ्टवेअरची धरली. आमच्या वर्गातल्या निम्म्यांनी हेच केलं, त्यामुळे त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं. आजोबांना थोडी वाटत असावी.

आजोबांची एक सवय होती. कुठलीही यंत्ररचना समजावून सांगायची झाली की ते जुन्या वहीचा पुठ्ठा घेत, त्याच्या पट्ट्या कापत, टोकांना भोकं पाडत आणि ड्रॉइंग पिनांनी पाटावर जोडत. मग एक पट्टी फिरवायची, बाकीच्या आपोआप नाचायच्या. मधल्या पट्टीला भोक पाडून त्यात पेन्सिल घातली की कागदावर वळण उमटायचं. लहानपणी सुट्टीतला माझा तो आवडता खेळ होता. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं काठीने का होईना जमू लागलं, पण उजव्या हातात कात्री धरवेना. एका संध्याकाळी डाव्या हाताच्या बोटाने ते माझ्या फोनवर काहीतरी काढायची खटपट करत होते. मी विचारलं तर म्हणाले, "वॉटची रचना काढत होतो. पण हे तुमचं चित्र हलत नाही."

त्या रात्री मी सुरुवात केली.

वॉटची रचना म्हणजे काय ते सांगते, कारण पुढे ॲपमध्ये पहिलं चित्र तिचंच आलं. वाफेच्या इंजिनात दट्ट्या सरळ वर-खाली जातो, पण वरच्या तुळईचं टोक कंसात फिरतं. वाफ फक्त एका बाजूने ढकलत होती तोवर दोघांच्या मध्ये साखळी चालून जायची. दोन्ही बाजूंनी वाफ सोडू लागल्यावर दट्ट्या तुळईला वर ढकलूही लागला, आणि साखळीने ढकलता येत नाही. मग १७८४ मध्ये जेम्स वॉटने तीन दांड्यांची जोडणी शोधली. दोन दांडे कंसात फिरतात आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या दांड्यावरचा एक बिंदू जवळजवळ सरळ रेषेत जातो. 'जवळजवळ' महत्त्वाचं. पूर्ण वळण काढलं तर ते लांबुळक्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दिसतं, त्यातला मधला तुकडा सरळ भासतो. वॉटने म्हातारपणी मुलाला लिहिलं होतं, की आपल्या इतर कुठल्याही यांत्रिक शोधापेक्षा आपल्याला हिचा अधिक अभिमान वाटतो. अगदी अचूक सरळ रेषा काढणारी सांध्यांची रचना त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १८६४ मध्ये, पोसेलिए नावाच्या फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्याने दिली. तिला सात हलते दांडे लागतात. आजोबांना वॉटची जास्त आवडते. "तीन दांड्यांत भागवलं त्याने," असं म्हणतात, जणू वॉट दांडिया बाजारातच राहत होता.

मी फ्लटर वापरून लिहायला घेतलं. पहिल्या महिन्यात फक्त एक चाक फिरत होतं, आणि तेही चुकीचं. मी प्रत्येक चित्रचौकटीला चाक एक अंशाने पुढे सरकवत होते. माझ्या फोनवर सेकंदाला साठ चौकटी होतात, म्हणजे एक फेरा सहा सेकंदांचा. भावाच्या नव्या फोनवर एकशे वीस होतात, तिथे तेच चाक दुप्पट वेगाने पळायला लागलं. आणि आजोबांच्या जुन्या फोनला चौकटी वेळेवर काढायलाच जमेना, तिथे ते दमेकऱ्यासारखं चालायचं. चौकटी मोजायच्या नसतात, मागच्या चौकटीपासून किती वेळ गेला तो मोजायचा असतो, हे ज्याला आधीपासून माहीत आहे तो हसेल. मला दोन रविवार लागले.

खरी गंमत चार दांड्यांच्या रचनेत आहे. यंत्रांच्या जगात ही सगळीकडे सापडते: गाडीच्या वायपरमध्ये, पक्कडीत, आजीच्या मशीनमध्ये. एक दांडा जमिनीला पक्का धरा, म्हणजे तो यंत्राचा सांगाडा झाला. एक दांडा त्याच्या टोकाशी गोल फिरतो, तो क्रँक. दुसऱ्या टोकाशी एक दांडा पुढे-मागे डुलतो, तो रॉकर. आणि या दोघांना जोडणारा चौथा. क्रँकची जागा ठरली की चौथ्या सांध्याची जागा काढायची. त्यासाठी शाळेतली भूमिती पुरते. क्रँकच्या टोकाभोवती जोडदांड्याच्या लांबीचं एक वर्तुळ काढा, रॉकरच्या खुंटीभोवती रॉकरच्या लांबीचं दुसरं. जिथे दोन्ही छेदतात, तिथे सांधा.

पण दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. मग कुठला बिंदू घ्यायचा? मी साधा नियम लावला: मागच्या क्षणी सांधा जिथे होता त्याच्या जास्त जवळचा. क्रँक फिरवली तर हे उत्तम चालतं. मी खूश होऊन आजीला दाखवायला गेले. आजीने क्रँकला हात लावला नाही. तिने रॉकर धरून हलवला. तिच्या मते तेच पायडल होतं.

आणि चाक फिरेना. अर्धा फेरा पुढे जायचं, तिथून परत फिरायचं, पुन्हा अर्धा फेरा. "माझं मशीन असं करत नाही," आजी म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी स्टीलची पट्टी घेऊन मशीनखाली बसले. मोठ्या चाकावरची क्रँक ३ सेंटिमीटर, उभी दांडी २५, पायडलचा हात ११, आणि दोन खुंट्यांतलं अंतर २७. हे आकडे ॲपमध्ये घातले तर पायडल सुमारे ३२ अंशांत डुलतं असं आलं, आणि प्रत्यक्षातही साधारण तेवढंच. रचना बरोबर होती. चूक माझ्या नियमात होती.

पायडल अगदी वर किंवा अगदी खाली गेलं, की क्रँक आणि दांडी एका रेषेत येतात. त्या क्षणी ती दोन वर्तुळं छेदत नाहीत, एकमेकांना नुसती टेकतात. दोन उत्तरांचं एक होतं. तिथून पुढे पुन्हा दोन वाटा फुटतात, चाक पुढे जाऊ शकतं किंवा आलं तसं मागे. आणि दोन्ही वाटा मागच्या जागेपासून सारख्याच जवळ! कारखान्यात याला डेड सेंटर म्हणतात. मशीनमध्ये या जागेवरून चाक पुढे नेतो तो चाकाचा स्वतःचा वेग. जड बिडाचं चाक फिरत असतं, ते थांबायचं नाव घेत नाही आणि ती जागा ओलांडून जातं. सुरुवातीला वेगच नसतो, म्हणून आजी वरच्या चाकाला हात लावून त्याला दिशा देते. नुसत्या पायाला कळत नाही कुठे जायचं ते.

माझ्या चाकाला वेगाची आठवण नव्हती. मी ती दिली. आता ॲप मागची जागा बघत नाही, तर मागच्या वेगाने गेलो असतो तर आत्ता कुठे असतो हे आधी काढतं आणि त्याच्या जवळचं उत्तर निवडतं. चार ओळींचा बदल. आजीने पुन्हा रॉकर हलवला, चाक पूर्ण फिरलं, आणि ती मोठ्याने म्हणाली, "हलतंय की गं!" ॲपचं नाव तिथेच ठरलं. प्ले स्टोअरवर नावाला तीस अक्षरांची मर्यादा असते. 'हलतंय' त्यात आरामात बसलं.

याच जागेवर दुसरा एक त्रास होता आणि त्याचा इलाज मी ज्या पद्धतीने केला, तो पुढे अंगाशी आला. वर्तुळं टेकतात तेव्हा एका कोनाची कोसाइन बरोबर १ यायला हवी. पण संगणकाच्या अपूर्णांकांत बारीक चूक राहते आणि येतं १.०००००००००००००००२ असं काहीतरी. कोसाइन १ च्या वर असूच शकत नाही, त्यामुळे कोन विचारला की यंत्र सांगतं, "हा आकडाच नाही." मग तो 'आकडा नसलेला आकडा' पुढच्या सगळ्या गणितात पसरतो आणि पडद्यावरून सगळे दांडे नाहीसे होतात. मी एक ओळ लिहिली: उत्तर १ पेक्षा जास्त आलं तर ते १ समज. दांडे पुन्हा दिसू लागले. रात्रीचे दोन वाजले होते. मी झोपले.

ॲप बनवणं निराळं आणि बाहेर सोडणं निराळं. कुणी या वाटेने जाणार असेल त्याच्यासाठी थोडं सांगते. गुगलच्या दुकानात खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात. ॲपलकडे दरवर्षी नव्याण्णव, म्हणून आयफोनवाल्या नातेवाइकांना मी हात जोडले. मग गोपनीयतेचं धोरण लिहा, कुठली माहिती गोळा करता ते सांगा (काहीच नाही), वयोगटाची प्रश्नावली भरा. त्यात हिंसा, जुगार वगैरे विचारतात. पायडल आणि क्रँकमध्ये जुगार नाही असं मी प्रामाणिकपणे लिहिलं. पण खरी अट पुढेच आहे: नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी सोडण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी हा आकडा वीस होता, २०२४ च्या अखेरीस तो बारा झाला.

बारा माणसं! आपल्या मंडळाच्या गणपतीत बारा माणसं पाच मिनिटांत जमतात. पण प्रत्येकाने आपला जीमेलचा पत्ता द्यायचा, आलेल्या दुव्यावर जाऊन 'मी चाचणीत सामील होते' असं म्हणायचं, आणि चौदा दिवस बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आत्याला जीमेलचा पासवर्ड आठवेना. इंदूरच्या मामांनी "व्हायरस तर नाही ना?" असं तीनदा विचारून मग होकार दिला. मावशीने सहाव्या दिवशी फोनमधली जागा कमी पडते म्हणून ते काढून टाकलं आणि जाता जाता चाचणीतूनही नाव काढून घेतलं. तेरावा माणूस म्हणून शेजारच्या गुजराती बेनना मी आधीच घेऊन ठेवलं होतं म्हणून निभावलं. यातल्या दहाजणांनी ॲप एकदा उघडलं, "छान आहे" म्हटलं आणि बंद केलं. आत्तेभावाचा मुलगा वाळूवर चालणाऱ्या पायांत रमला. डच कलावंत थिओ यान्सन १९९० पासून प्लॅस्टिकच्या नळ्यांचे वाऱ्यावर चालणारे प्राणी बनवतो, त्यांच्या पायाची रचना मी नमुन्यादाखल घातली होती. ॲप ज्या कामासाठी होतं, त्या कामाला ते एकानेच लावलं.

हे बाबांचे मित्र. आम्ही त्यांना काका म्हणतो. मकरपुरा जीआयडीसीत त्यांचं लहानसं वर्कशॉप आहे. चार कामगार, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन. एका गिऱ्हाइकासाठी ते खोकी पुढे ढकलणारी जोडणी करत होते. खुंट्यांतलं अंतर १२० मिलिमीटर, जोडदांडा ९०, रॉकर ७५, क्रँक ४०. ढकल थोडी कमी पडत होती, म्हणून त्यांनी ॲपमध्ये क्रँक वाढवत नेली. ४६ ला हवी तेवढी ढकल मिळाली. पडद्यावर सगळं लोण्यासारखं फिरत होतं. त्यांनी पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, पिना घट्ट बसवल्या, गिअरची मोटर लावली आणि बटण दाबलं.

मी पाडव्याला ॲप सोडणार होते. २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता. गुगलची परवानगी आली होती, कळ दाबायची तेवढी बाकी होती. आदल्या दिवशी दुपारी काकांचा बाबांना फोन आला. अर्ध्या फेऱ्याआधीच रचना अडली, मोटर ढकलत राहिली, पिन कापली गेली आणि रॉकर वाकला. कुणाला लागलं नाही, कारण त्या पोराने हात मागे घेतला होता. "तुझ्या मुलीच्या ॲपमध्ये तर फिरत होतं," एवढंच ते म्हणाले. रागाने नाही. ते जास्त लागलं.

मी धावत आजोबांकडे गेले. आकडे सांगितले. त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने हवेत बोट फिरवून म्हणाले, "एकशे वीस अन् शेहेचाळीस किती?"

"एकशे सहासष्ट."

"नव्वद अन् पंचाहत्तर?"

"एकशे पासष्ट."

"मग? बेरीज केली नव्हतीस का?"

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत हा नियम मी लिहिला होता, त्याचे गुणही मिळवले होते. ग्रासहोफ नावाच्या जर्मन अभियंत्याचा तो नियम: सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त झाली, तर कुठलाच दांडा पूर्ण फेरा घेऊ शकत नाही. क्रँक ४० असताना बेरीज १६० येत होती, ठीक होतं. ४६ ला ती एका मिलिमीटरने पुढे गेली. क्रँक रॉकरपासून थेट दूर वळते तेव्हा तिचं टोक १६६ वर असतं, आणि जोडदांडा व रॉकर सरळ ताणले तरी १६५ च पुरतात. नंतर मी मोजलं. ३६० पैकी सुमारे २८ अंशांत ही रचना अस्तित्वातच नव्हती.

मग पडद्यावर फिरत कशी होती? माझ्या त्या दोन वाजताच्या ओळीमुळे. वर्तुळं एकमेकांना पोचत नव्हती, कोसाइन १ च्या वर जात होती आणि माझी ओळ सांगत होती, १ समज. त्या २८ अंशांत ॲप गुपचूप रॉकर ताणून ७५ चा ७६ करत होतं. एक मिलिमीटर. फोनच्या पडद्यावर तो केसाएवढाही दिसत नाही. आकड्यांतली बारीक चूक झाकायला मी लिहिलेल्या ओळीने खरी चूकही झाकली होती.

आजोबांनी मला पुठ्ठा आणायला लावला. माझ्याकडून पट्ट्या कापून घेतल्या: १२०, ९०, ७५, ४६. पिना लावून मी क्रँक फिरवली. आजोबांनी सांगितलेल्या जागी ती अडली. जोर दिला तर पिनेचं भोक फाटलं. "पुठ्ठा खोटं बोलत नाही बघ," ते म्हणाले, आणि मग माझा चेहरा बघून, "तुझं यंत्रही बोलत नाही. तू त्याला बोलायला लावलंस." आजी आतून ओरडली, "तिला आज नका हो बोलू!" पण ते बोलले ते बरं झालं.

पाडव्याला आम्ही गुढी उभारली, ॲप सोडलं नाही. बाबांचं म्हणणं होतं, दुरुस्ती करून दोन दिवसांत सोड, लोकांना सांगून ठेवलं आहेस. भाऊ म्हणाला, खाली एक ओळ टाक की हे फक्त शिकण्यापुरतं आहे, म्हणजे जबाबदारी संपली. मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. ती ओळ आता आहे ॲपमध्ये, असायलाच हवी. ॲप दांडे कसे हलतात ते दाखवतं, त्यांच्यावर जोर किती येतो ते नाही, हेही लिहिलं आहे. पण काकांनी ती ओळ वाचली असती तरी पडद्यावरचं चाक फिरताना बघून पट्ट्या कापल्याच असत्या. डोळ्यांसमोर फिरणाऱ्या चाकापुढे खालच्या बारीक अक्षरांना कोण विचारतं?

मी एक महिना घेतला. आता फरक एक लक्षांशाहून कमी असेल तरच तो आकड्यांची चूक समजून सोडून दिला जातो. त्याहून जास्त असेल तर रचना तिथेच थांबते, दांडे लाल होतात आणि क्रँकच्या वर्तुळावर जिथे पोचता येत नाही तो भाग रंगवून दिसतो. प्रत्येक चौकटीनंतर प्रत्येक दांड्याची लांबी पुन्हा मोजून मूळ लांबीशी ताडून बघितली जाते. चार दांड्यांच्या रचनेला वर कोपऱ्यात ती बेरीजही येते, दोन्ही बाजूंची. हे सगळं करायला फोनला काही विशेष कष्ट पडत नाहीत. आधी सुचलं नाही एवढंच.

तपासणी आजोबांनी घेतली. रोज संध्याकाळी ते तीन रचना सांगत, मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापत असे, आजी पिना लावी. आधी पुठ्ठ्यावर फिरवायचं, अडतं कुठे ते खडूने पाटावर लिहायचं आणि मग ॲपमध्ये. ते मुद्दाम वाकडे आकडे देत, काठावरचे: बेरजा अगदी समान येतील असे. अशा रचनेत सगळे दांडे एका रेषेत येतात आणि तिथून रचना दोन वेगळ्या रूपांत जाऊ शकते. पुठ्ठाही तिथे गोंधळतो, कधी इकडे पडतो कधी तिकडे. ॲप नेहमी एकीकडेच जात होतं. आजोबांनी तीही चूक धरली. मी म्हटलं, ही चूक नाही, निवड आहे. त्यावर आमचा दोन दिवस वाद झाला. शेवटी ॲप त्या जागी पिवळा ठिपका दाखवतं आणि पुढे कुठे जायचं ते वापरणाऱ्याला विचारतं. या वादात आजोबांचं बोलणं झटक्यानंतर प्रथमच पूर्वीसारखं भरभर झालेलं मी ऐकलं.

शब्दांवरूनही वाद झाले. ॲप मराठीत हवं हे नक्की होतं, पण क्रँकला काय म्हणायचं? मी पाठ्यपुस्तकी शब्द काढून आणले. आजोबा म्हणाले, वर्कशॉपमध्ये हे बोललास तर पोरं पळून जातील. (माझ्याशी बोलताना ते अजूनही कधीकधी 'बोललास' म्हणतात.) मग क्रँक क्रँकच राहिली, रॉकर रॉकर, पण लिंकचा दांडा झाला, जॉइंटचा सांधा आणि ग्राउंडची खुंटी. मकरपुऱ्यातल्या पोरांसाठी गुजरातीतही केलं, ते शेजारच्या बेननी तपासून दिलं.

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, मी कळ दाबली. फुकट आहे, जाहिराती नाहीत. पहिल्या पाच अभिप्रायांतले तीन घरचे होते. त्यांत मामांनी "व्हायरस नाही" असा निर्वाळा दिला आहे. सहावा एका अनोळखी माणसाचा आला. त्याला कॅम हवे होते, आणि त्याने एक तारा कमी दिला होता. आजोबा म्हणाले, बरोबर आहे त्याचं, कॅम हवेतच.

काकांनी नुकसानीचे पैसे घेतले नाहीत. मी दोनदा पाकीट पुढे केलं, दोनदा मागे आलं. त्याऐवजी त्यांनी मला एका शनिवारी वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि नवी क्रँक कापताना लेथजवळ उभं केलं. आकडा मी सांगायचा होता. ४४ चालली असती, बेरीज १६४ आणि १६५, पण एक मिलिमीटर हातात ठेवून कोण यंत्र बांधतं? मी ४२ म्हटलं. ढकल थोडी कमी पडली, ती काकांनी रॉकरवरचा पट्टा लांबवून भरून काढली. तो उपाय ॲपमध्ये न बघता त्यांना आधीपासून ठाऊक होता. बटण दाबायच्या आधी त्यांनी मोटर सोडवून हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघितला. मागच्या वेळी तो फिरवला नव्हता, फोनवर फिरलेला पाहिला होता म्हणून.

सध्या आजीची मागणी चालू आहे. पायडल आणि चाक झालं, पण मशीनचा वरचा भाग कुठे आहे? सुई खाली जाते तेव्हा ती दोरा ओढणारी पट्टी कधी वर, कधी खाली, आणि सुईपेक्षा थोडी मागे असते. ती तशी का असते ते आजीला पडद्यावर बघायचं आहे. मी झाकण काढून व्हर्नियरने मोजायला बसले आहे, आजोबा आकडे लिहून घेतात डाव्या हाताने, आणि आजी टॉर्च धरते. एक पिन अशा जागी आहे की मोजायची तर वरची पट्टी काढावी लागेल. आजी ती काढू देत नाही. तिच्या हातात एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज आहे, शुक्रवारी द्यायचाय.